स्नेह्यांच्या घरी, कोचीच्या बंदरात

बदलीच्या नोकऱ्यांमुळे आपली स्नेहीमंडळी आज देशभर विखुरलेली आहेत. कोणी नौदलात, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत. आणि खुशालीच्या प्रत्येक निरोपाअखेर 'एकदा सुट्टीत याच' असा आग्रह असतो. हा आग्रह कोची-एर्नाकुलमहून आला असेल, तर वाचकहो, तो मोडू नये. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून मुंबईहून तिकडे जाणे पुष्कळच सुलभ झाले आहे. मात्र डिसेंबर-जानेवारीचे दिवस निवडावेत. जूनमध्ये तेथे पावसाचे राज्य असते, आणि स्नेह्यांच्या दिवाणखान्यात चार दिवस कोंडून पडण्यात ना पाहुण्यांना सुख, ना यजमानांना.

शहर दाखविण्यासाठी यजमानांना रजा काढावयास लावू नये, हे प्रथमच सांगतो. कोचीत त्याची गरजही नाही. सकाळी ते कामावर निघाले की आपण एर्नाकुलमचा धक्का गाठावा. तेथून फोर्ट कोचीला व मट्टांचेरीला सरकारी बोटी जातात. एप्रिल २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या जलमेट्रोच्या बोटींचीही त्यांत भर पडली आहे. बंदर हे पाण्यावरूनच पाहावे. रस्त्याने गेलेल्या प्रवाशाला केवळ पूल दिसतात.

फोर्ट कोचीकडे जाताना डाव्या हाताला विलिंग्डन बेट लागते. हे बेट बहुतांशी मानवनिर्मित आहे. बंदराच्या मुखाशी वाळूचा बांध असल्यामुळे मोठ्या जहाजांना बाहेर समुद्रातच नांगर टाकावा लागे आणि माल लहान होड्यांनी आत येई. १९२० साली आलेले रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने तो बांध कापून खोल मार्ग काढला, तळाचा गाळ उपसला व त्याच गाळाच्या भरावातून हे बेट उभे केले. १९२८ साली पहिले सागरगामी जहाज आतल्या बंदरात शिरले. पण या बंदराचा जन्मच मुळी पाण्याच्या लहरीतून झाला आहे. १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला, कोडुंगल्लूरजवळचे प्राचीन बंदर गाळाने बुजले आणि कोचीचे मुख उघडले, असे मानले जाते.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरील चिनी जाळी मुलांना तासभर खिळवून ठेवतील. तुळईच्या एका टोकाला जाळे, दुसऱ्या टोकाला दोरांनी टांगलेले मोठाले दगड; जाळे पाण्यात उतरते, थोडा वेळ थांबते आणि चार-सहा कोळी मिळून ते ओढून वर घेतात. तराजूचे तत्त्व शिकविण्यास याहून चांगले साधन शाळेतही मिळणार नाही.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. १५२४ मध्ये वास्को द गामा कोचीत मरण पावला व येथे पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या, थडग्याची शिळा मात्र येथे राहिली. मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी सुमारे १५५५ मध्ये राजासाठी बांधला, डचांनी त्याची डागडुजी केली, आणि नाव पडले 'डच पॅलेस'! आत रामायणाची भित्तिचित्रे आहेत. ती पाहण्यास घाई करू नये.

राजवाड्याशेजारीच १५६८ चे सिनेगॉग आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजामुळे हा शब्द आपल्याला परका नाही. जमिनीवर हाताने रंगविलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आहेत. त्यांवर पादत्राणे काढूनच पाऊल ठेवावयाचे असते. ज्यांच्या पूर्वजांना कोचीच्या राजांनी आश्रय दिला, त्या ज्यू कुटुंबांपैकी बहुतेक १९४८ नंतर इस्रायलला गेली. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि तेवढे आता त्या गल्लीत उरलेले नाहीत. दारापुढच्या दुकानांतून पर्यटकांची गर्दी असते. आत मात्र हलक्या आवाजातच बोलावे. शनिवारी हे मंदिर बंद असते.

याच मट्टांचेरीच्या चेरळाई भागात आपल्याला एकाएकी कोकणी ऐकू येईल. सोळाव्या शतकात गोव्याहून आलेल्या कुटुंबांचे वंशज येथे राहतात. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. त्यासाठी केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले, आणि त्या तिघांची साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत आहे. हॉलंडमध्ये नागरी अक्षरे उमटावीत ती कोचीच्या वैद्यांची, हे मुलांना अवश्य सांगावे.

परतताना मिरे व वेलदोडे घ्यावयाचे असतील, तर भाव आधी यजमानीणबाईंना विचारावेत. आणि रविवार त्यांच्यासाठीच राखून ठेवावा. कित्येक वर्षे एर्नाकुलमला राहूनही पलीकडचा किनारा सावकाश न पाहिलेली कुटुंबे पुष्कळ असतात. त्या दिवशी डबा घरून घ्यावा, आणि बोटीची तिकिटे पाहुण्यांनी काढावीत.