पोरांवर बंदी, जाहिरातींना मोकळं रान

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. वापरताना सापडलं तर दोनशे रुपये दंड. कोरोनाच्या काळात शाळाच मोबाईलवर भरली, पुढे शाळा उघडली तरी मोबाईल हातातून सुटेना, मुलं गेममध्ये आणि नको त्या वेबसाइटवर अडकली, अशी गावाची तक्रार होती. देशभर बातमी झाली. गावाची काळजी खरी होती, आणि काळजी वाटल्यावर काही करून दाखवणारी गावं आपल्याकडे फार नाहीत. बांशीला मी नावं ठेवणार नाही. पण बंदी मुलांवर, दंडही मुलांनाच. ती घाण मुलांपर्यंत पोचवणारे आणि ती घरात शिरू देणारे आपण मोठी माणसं मात्र मोकळीच राहिलो. माझी फिर्याद आपल्यावर आहे.

घाण कशी येते, ते एकदा पोराशेजारी बसून पाहा. वेचणीचे दिवस आहेत, आईबाप सकाळीच वावरात गेले आहेत. घरी दहा वर्षांचं पोरगं आणि बापाचा फोन. पोरगं गाडी पळवायचा फुकटचा गेम खेळतं आहे. मध्येच पडदाभर जाहिरात येते. ती बंद करायची फुली कोपऱ्यात, दिसेल न दिसेल अशी, तीही काही सेकंद थांबल्यावर उगवणारी. बोट जरा चुकलं की ब्राउझर उघडतो. तिथे एक चौकट परवानगी मागते. पोरगं 'अलाउ' दाबतं, कारण त्याला गेमकडे परत जायचं असतं. त्या एका होकारावर त्या फोनवर रात्रंदिवस सूचना येत राहतात. पत्ते खेळा, पैसे जिंका. पाच मिनिटांत कर्ज. आणि आईसमोर उघडता येणार नाहीत अशी चित्रं. यातलं पोरानं काय मागितलं होतं?

संध्याकाळी कापसाचा भाव बघायला बाप तोच फोन हातात घेतो. मागचं पीककर्ज थकलेलं, बँक दारात उभी करत नाही, आणि पडद्यावर कर्ज हात जोडून उभं. असलं ॲप आधी फोनमधले नंबर आणि फोटो मागतं. हप्ता चुकला की सोयऱ्याधायऱ्यांना फोन जातात, फोटोंची विटंबना करून ते गावभर पाठवायची धमकी येते. कर्जाच्या ॲपनं ग्राहकाचे नंबर आणि फाइली उघडू नयेत, असे निर्देश रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच दिले. पण चोरट्या ॲपना रिझर्व्ह बँकेची भीती कसली? ज्या जिल्ह्याची ओळख देशाला शेतकरी आत्महत्यांवरून झाली, तिथे अशी जाहिरात दाखवून पैसे कमावणं हे पाप आहे. दुसरा सौम्य शब्द मी वापरणार नाही.

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमीचा खेळ दिसणारा व्हिडिओ बाहेर आला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ स्किप करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. गदारोळ झाला, पुढे त्यांचं खातं बदललं. मी त्यांचा खुलासा जसाच्या तसा धरून विचारतो: विधिमंडळात बसलेल्या मंत्र्याच्या फोनला जुगाराची जाहिरात सोडत नसेल, तर झरी-जामणीच्या पोडावरल्या कोलाम पोराला ती सोडेल का? पुढच्याच महिन्यात संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असं २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही सांगतो. पण फोन बापाच्या नावावर, खातं बापाचं, म्हणजे यंत्राच्या लेखी ते पोरगं चाळीस वर्षांचा पुरुषच. इथे कायदा पोचत नाही, घरच्या माणसालाच पोचावं लागतं.

आणि पोचणं अवघड नाही. अँड्रॉइड ९ किंवा त्यानंतरच्या बहुतेक फोनांत सेटिंगमध्ये नेटवर्कच्या जागी 'प्रायव्हेट डीएनएस' असा पर्याय असतो. तिथे 'फॅमिली डॉट ॲडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम' हा पत्ता इंग्रजीत टाकून जतन करायचा. पैसा लागत नाही, ॲप लागत नाही. फोन कुठलीही वेबसाइट उघडण्याआधी तिचा ठावठिकाणा विचारतो. हा पत्ता जाहिरातींच्या आणि अश्लील वेबसाइटींच्या ठिकाणांना उत्तरच देत नाही. सगळं थांबत नाही. यूट्यूबमधल्या जाहिराती चालूच राहतात, आणि हुशार पोरगं सेटिंग बदलूही शकतं. म्हणून मुलाचा फोन वेगळा असेल तर गूगलचं फॅमिली लिंक लावावं, ब्राउझरमधल्या सूचनांच्या परवानग्या काढून टाकाव्यात, व्हॉट्सॲपवर आलेली 'पीएम किसान'च्या नावाची एपीके फाइल उघडू नये. हरभऱ्यात रोही आणि डुकरं शिरू नयेत म्हणून ऐन थंडीत रात्ररात्र जागल करणारी माणसं आपण. लेकरासाठी पाच मिनिटं निघत नाहीत?

निघत नाहीत, याचं खरं कारण बोललं जात नाही. घरात फोन एकच असतो. त्याला कुंपण घातलं की बापाचंही बंद होतं. त्याची रमी, रात्री एकट्यानं बघायचे त्याचे व्हिडिओ. आपल्याला आपली चैन सोडायची नाही, म्हणून संस्काराचा सगळा भार पोरावर. त्यातही अन्याय असा की मुलाच्या फोनमध्ये काही सापडलं तर दोन दिवस बोलणी बसतात, आणि मुलीच्या फोनवर साधी सूचना आली तरी तिचा फोन जातो, कधी फोनबरोबर तिचं कॉलेजही जातं. जाहिरात धाडणारा सुटतो, बघणारा बाप सुटतो, शिक्षा त्या पोरीला.

याच जिल्ह्यातल्या बाया दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या आहेत. दारूचं दुकान निदान गावाच्या एका कोपऱ्यात असतं, त्यासमोर ठिय्या देता येतो. हा अड्डा उशाशी आहे, आणि त्याचं दार आपल्याच सेटिंगमध्ये आहे.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. मोबाईल जाणणारी कॉलेजची पोरं-पोरी बोलवा, शाळेच्या वर्गात बसवा आणि एकेक फोन नीट करून घ्या. पहिला सरपंचांचा, दुसरा मुख्याध्यापकांचा, मग सगळ्या बापांचे. फसवणूक झालेल्यानं लाजेनं गप्प बसू नये, तडक १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हा क्रमांक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. मुलांना दंड लावायचा ठराव त्यानंतर, गरज उरली तरच करा.