दिव्य नाव नको, संडासाचे दार रुंद करा!

आरक्षण, खासगीकरण, अॅट्रॉसिटी कायदा, संविधानावरचे हल्ले असे ज्वलंत विषय समोर असताना संडास-बाथरूमवर लेख कशाला, असे काही जण विचारतील. उत्तर सरळ आहे. कोणाचा मैला कोणी उचलायचा हे या देशात जातीने ठरवले. म्हणून संडास हा आपला विषय नाही असे म्हणणाऱ्याला जातिव्यवस्था अजून कळलेली नाही. आणि ज्या माणसाला स्वतःच्या पायाने संडासापर्यंत जाता येत नाही, त्याच्या बाबतीत तर हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहतो.

लकवा मारलेले वडील, खुब्याचे हाड मोडलेली आजी, लहानपणी पोलिओ झालेला भाऊ, मणक्याला मार लागून कंबरेखालची शक्ती गेलेला बांधकाम मजूर. यातला एक तरी माणूस प्रत्येक वस्तीत आहे. त्यांना बाथरूममध्ये जे लागते त्यात अवघड काही नाही. भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा, म्हणजे ग्रॅब बार. बसून अंघोळ करता येईल अशी पाठ आणि हात असलेली खुर्ची. कमोडची उंची वाढवणारी सीट. हाताशी येणारा शॉवर. न घसरणारी फरशी. बाहेर उघडणारे दार, कारण आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर त्याला बाहेर काढायला दार मोडावे लागते. बस्स, एवढेच.

आता मापे बघा. साध्या व्हीलचेअरची रुंदी साधारण पंचवीस इंच असते. आपल्याकडच्या बाथरूमचे दार दोन ते अडीच फुटांचे, म्हणजे चोवीस ते तीस इंचांचे, आणि त्यात चौकट, कडी, उंबरा. सुगम्यतेच्या मानकांप्रमाणे दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट हवी. कमोडची सीट जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटरवर हवी, कारण व्हीलचेअरची बैठकही साधारण तेवढ्याच उंचीवर असते आणि माणसाला एका बैठकीवरून दुसरीवर सरकता येते. हे गणित शाळकरी मुलालाही समजेल. पण शिबिरात खुर्ची वाटणाऱ्या नेत्याला समजत नाही. खुर्ची मिळते, फोटो पेपरात छापून येतो, आणि घरी आणल्यावर ती खुर्ची बाथरूमच्या दाराशी थांबते. तिथून पुढे माणूस सरपटत जातो. त्या सरपटण्याचा फोटो कोणी काढत नाही.

हा प्रश्न सगळ्या समाजाचा आहे हे खरे, पण सगळ्यांना तो सारखा भोगावा लागत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के होते. हा फरक आकाशातून पडलेला नाही. परातीवर पाय ठेवून कोण चढते? ऊस कोण तोडतो, विटा कोण वाहतो, गटारात कोण उतरतो? कुपोषण कोणाच्या घरात असते? जी माणसे अंग मोडेपर्यंत राबतात, त्यांचेच अंग आधी मोडते. आणि मोडलेल्या अंगाने परत येतात ती अशा घरात, जिथे बाथरूम म्हणजे ओट्याशेजारची मोरी असते.

आपली घरे आठवा. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली आणि गॅलरीच्या टोकाला मजल्यावरच्या सगळ्यांचा मिळून संडास. झोपडपट्टीतला सार्वजनिक संडास, पायऱ्या चढून जायचा. रमाई आवास योजनेतले २६९ चौरस फुटांचे घरकुल. गावाकडे स्वच्छ भारत अभियानातून १२ हजार रुपयांत बांधलेला संडास, आत उकिडवे बसायचे भांडे आणि गुडघे भिंतीला टेकतील एवढीच जागा. २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. त्या घोषणेत हे मोजले गेले का, की घरात संडास असूनही त्यात बसता न येणारी माणसे किती? उकिडवे बसता येत नाही त्याच्या दृष्टीने तो संडास नाही, चार भिंतींची खोली आहे.

स्त्रियांचे हाल तर याहून वाईट. जाताना कोणाला तरी हाक मारावी लागेल म्हणून त्या पाणी पिणेच कमी करतात. दुपारी घर रिकामे असते म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. मग लघवीचा संसर्ग, किडनीचा त्रास, आणि डॉक्टरचे बिल. पाण्याच्या हक्कासाठी महाडला गेलेल्या समाजाच्या बायका आज घरात माठ भरलेला असून तहानलेल्या राहतात. याला काय म्हणायचे?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गरिबाला बाथरूमसाठी काही दिलेच, तर काय दिले जाते? कमोड खुर्ची, जिच्याखाली डबा असतो. अंथरुणाला पूर्ण खिळलेल्या माणसाला ती लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण आधाराचा दांडा आणि रुंद दार मिळाले तर जो माणूस स्वतः संडासात जाऊ शकतो, त्यालाही डब्यावरच बसवले जाते. का? कारण दार रुंद करायला गवंडी लागतो, पैसे लागतात, आणि डबा उचलायला मात्र माणूस फुकट मिळतो. कोण मिळते? घरात असेल तर सून, मुलगी, बायको. पैसेवाल्याच्या घरात असेल तर 'मावशी'. रुग्णालयात असेल तर आया. या मावशी आणि आया कोणत्या वस्तीतून येतात हे मी सांगायला हवे का?

टोपलीचे संडास बंद व्हावेत म्हणून या देशात १९९३ साली कायदा झाला. तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. आणि इकडे नव्या, स्टीलच्या, चकचकीत खुर्चीखाली तीच टोपली परत आली आहे. सेवा करणाऱ्या बाईला मी कमी लेखत नाही. माझा सवाल व्यवस्थेला आहे. ज्या कामाची गरज एका दांड्याने आणि सहा इंच रुंद दाराने संपू शकते, ते काम जिवंत का ठेवले जाते? भिंतीतला दांडा एकाच वेळी दोन माणसांना मुक्त करतो. जो बसतो त्याला, आणि जी उचलते तिला. म्हणून हे उपकरण माझ्या दृष्टीने जातिअंताच्या लढाईतले आहे.

यावर ब्राह्मणी मानसिकतेकडे दोन ठरलेली उत्तरे असतात.

पहिले उत्तर कर्माचे. मागच्या जन्मीचे पाप, भोगायलाच हवे. दलिताला हेच सांगितले, अपंगालाही हेच सांगितले. पाप त्याचे, म्हणजे जबाबदारीही त्याची. समाजाने काही करायला नको, सरकारने तर नकोच. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत फेकून दिला तो याचसाठी. अपंगत्व हे पाप नाही. पायरी बांधणाऱ्याने उतार बांधला नाही, ही चूक बांधणाऱ्याची आहे.

दुसरे उत्तर गोड नावाचे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि रातोरात फलक बदलले. आपल्याला हा खेळ ओळखीचा आहे. अस्पृश्यांना 'हरिजन' म्हटले, देवाची माणसे म्हटले, आणि विहीर मात्र बंदच ठेवली. १९३८ साली मुंबई विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालायचा प्रयत्न झाला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहातून उठून बाहेर पडले. नावात देव घालून हक्क मिळत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. ज्याला संडासात जाता येत नाही त्याच्या अंगात दिव्यत्व शोधण्यापेक्षा त्याच्या दाराची चौकट मोजा.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत राज्याने साहाय्य द्यावे असे निर्देश आहेत. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क अधिनियम आहे. त्याच्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले. पाच वर्षे २०२२ साली संपली. तुमच्या तहसील कचेरीत, तलाठ्याच्या कार्यालयात, सरकारी दवाखान्यात जाऊन बघा. संडासाच्या दारावर व्हीलचेअरचे चित्र असेल, आणि दाराला कुलूप. आत झाडू, बादल्या आणि मोडके टेबल.

असे का झाले? कारण सरकारने मानके 'मार्गदर्शक' ठेवली होती. पाळली तर पाळली. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. मूळ कायदा सक्ती सांगतो आणि नियम शिफारशी करतो, हे चालणार नाही म्हणून नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितले. म्हणजे कायदा २०१६ चा आणि सक्ती हवी हे न्यायालयाला २०२४ साली सांगावे लागले. महाडचा इतिहास आठवतो का? सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. तळ्याचे पाणी ओंजळीत आले २० मार्च १९२७ ला, आणि तेही लोक चालत गेले तेव्हा. कागदावरचा हक्क आपोआप तळ्यापर्यंत पोहोचत नाही. संडासापर्यंतही पोहोचणार नाही.

काही लोक पैशाचे कारण सांगतात. पैसे आहेत. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची आहे. ६५ वर्षांवरच्या गरिबांसाठी २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, एकदाच ३ हजार रुपये खात्यात. त्यातून खुर्ची येईल, पण भिंत फोडून दांडा बसवायला, उंबरा काढायला, भांडे बदलायला कोण देणार? वस्तू वाटली की सरकारचे काम संपते. घर बदलायचे असते हे त्यांच्या हिशेबातच नाही.

आता थोडे आपल्या घरातले बोलू, कारण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चळवळ होत नाही. आपली विहारे, समाजमंदिरे, अभ्यासिका आपण वर्गणी काढून बांधतो. बुद्धमूर्ती थायलंडहून आणतो, संगमरवर बसवतो. पण किती विहारांत व्हीलचेअर जाईल असा संडास आहे? वंदनेला येणारी म्हातारी उपासिका दोन तास लघवी दाबून बसते आणि आपण मैत्रीभावनेवर प्रवचन ऐकतो. अतिसार झालेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता, तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले, ही कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम घेतली आहे. त्यात घाणीची किळस नाही आणि उपकाराचा आवही नाही. नंतर बुद्धांनी संघाला जाब विचारला की याची व्यवस्था तुम्ही का केली नाही. तो जाब आज आपल्या विहार कमिट्यांना लागू होतो.

म्हणून बंधू-भगिनींनो, हळहळ पुरे. कामाला लागा.

१. ग्रामसभेत, वॉर्ड सभेत लेखी विचारा की ५ टक्के निधी कशावर खर्च झाला. उत्तर नाही मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. या निधीतून घरातल्या बाथरूमची दुरुस्ती व्हावी असा ठराव मांडा.

२. रमाई घरकुल असो, झोपु योजना असो की चाळीचा पुनर्विकास, नकाशा मंजूर होण्याआधी बाथरूमच्या दाराचे माप विचारा. भिंत उभी राहण्याआधी तीन फुटांचे दार जवळपास फुकट पडते. नंतर ते फोडावे लागते.

३. घरात दांडा बसवताना टॉवेलची दांडी बसवू नका, ती माणसाचे वजन पेलत नाही. हवेने चिकटणारे प्लास्टिकचे हँडलही नको. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत बोल्टने पक्का बसवून घ्या. भारतीय भांडे बदलणे परवडत नसेल तर त्यावर ठेवायचे, मध्ये भोक असलेले भक्कम स्टूल मिळते. तेही डब्यापेक्षा चांगले.

४. येत्या वर्षावासापूर्वी आपल्या विहारात किमान एक संडास सर्वांना वापरता येईल असा करा. त्याला कुलूप लावू नका.

५. ज्याला वापरायचे आहे त्याला आधी विचारा. उजवा हात चालतो की डावा, यावर दांडा कोणत्या बाजूला हे ठरते. त्याच्याशिवाय त्याच्याबद्दल ठरवणे हीसुद्धा एक मनुशाहीच आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला मान ताठ ठेवून जगायला शिकवले. दाराला आतून कडी लावून, कोणालाही हाक न मारता, स्वतःचे स्वतः उरकून बाहेर येणे हा त्या ताठ मानेचाच भाग आहे. तो हक्क कोणी दान म्हणून देणार नाही. मागू नका, बजावून घ्या.

जय भीम! जय संविधान!