विश्लेषण : नवी रायफल ऐन मोक्याच्या क्षणी का अडकते?

उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा येथे तयार होणाऱ्या एके-२०३ रायफली टप्प्याटप्प्याने लष्कराला मिळत आहेत. त्या ‘इन्सास’ची जागा घेतील. इन्सासविषयीची एक जुनी तक्रार म्हणजे गोळीबार सुरू असताना ती अडकते. मात्र रायफल अडकली की दोष रायफलीचाच असतो, असे नाही.

काडतूस आत जाते कसे?

अर्धस्वयंचलित रायफलीत चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप भरले जाते. इन्सास किंवा एके प्रकारच्या रायफलीत गोळीमागच्या वायूचा काही भाग पिस्टनला मागे ढकलतो. त्यासोबत बोल्ट मागे जातो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. मॅगझिनमधली स्प्रिंग पुढचे काडतूस वर आणते आणि परत येणारा बोल्ट ते चेंबरमध्ये सारतो. हे सारे सेकंदाच्या छोट्याशा भागात घडते. स्प्रिंग कमजोर असेल, मॅगझिनच्या तोंडाच्या कडा वाकल्या असतील, वायू कमी पडला किंवा चेंबरमध्ये काजळी साचली, तर ही साखळी तुटते.

इन्सासबाबत काय घडले?

५.५६ मिमीची इन्सास पुण्यातील ‘डीआरडीओ’च्या ‘एआरडीई’ या प्रयोगशाळेने विकसित केली. तिची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे तयार होत. १९९९ च्या कारगिल युद्धात ती बर्फाळ शिखरांवर पोहोचली. तेव्हा कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जातात, रायफल अडकते, अशा तक्रारी आल्या. तडा गेलेले मॅगझिन काडतूस योग्य उंचीवर धरू शकत नाही. म्हणजे रायफल धड असूनही निकामी ठरते. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या, पण डाग राहिला. २००५ मध्ये माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत मोठी हानी झाल्यावर नेपाळी लष्कराने इन्सासकडे बोट दाखवले. वापर योग्य रीतीने झाला नसावा, असे भारताच्या बाजूने सांगण्यात आले.

हे भारतातच घडते का?

नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची एम-१६ इतकी अडकू लागली की १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. काडतुसातील दारूचा प्रकार बदलण्यात आला होता. त्यामुळे गोळीबाराचा वेग आणि आत साचणारी काजळी वाढली. चेंबरला क्रोमचा मुलामा नसल्याने दमट हवेत गंज चढे. त्यात सैनिकांकडे सफाईचे साहित्य पुरेसे नव्हते. रिकामी पुंगळी चेंबरमध्येच अडकून बसे. क्रोमचा मुलामा, सफाईचे संच आणि प्रशिक्षण मिळाल्यावर हीच रायफल पुढे दशकानुदशके वापरात राहिली. ब्रिटनच्या एसए-८० रायफलीतही मॅगझिन धरणाऱ्या खटक्यासह अनेक दोष निघाले. अखेर २००० च्या सुमारास तिच्यात व्यापक फेरबदल करावे लागले.

दोष नेमका कुठे, हे कसे ओळखतात?

शस्त्रतज्ज्ञ आधी रायफल कशी अडकली ते पाहतात. काडतूस वरच आले नाही, तर संशय मॅगझिनवर जातो. पुंगळी बाहेर पडली नाही, तर चेंबर, काडतूस किंवा पुंगळी ओढणारा आकडा तपासतात. मग एका वेळी एकच गोष्ट बदलली जाते. मॅगझिन बदलताच अडचण संपली, तर रायफलीला हात लावण्याचे कारण नसते. एकदम सगळे बदलले, तर रायफल चालते. पण मूळ दोष कळत नाही आणि तो पुढच्या हजारो नगांत तसाच जातो.

एके-२०३ साठी धडा कोणता?

डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला. एके प्रकारच्या रायफलींची चिवट म्हणून ख्याती आहे. मात्र ती रायफल, मॅगझिन आणि ७.६२ मिमीचे काडतूस यांच्या जुन्या, पारखलेल्या जुळणीतून आली आहे. कोरव्यात देशी सुट्या भागांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवायचे आहे. नव्या पुरवठादाराची स्प्रिंग किंवा काडतुसांची नवी खेप आली, की ही जुळणी पुन्हा तपासावी लागेल. राजस्थानची धूळ, ईशान्येतील दमटपणा आणि सियाचेनची थंडी यांत रायफल, मॅगझिन आणि काडतूस एकत्र पारखले गेले पाहिजे. काही रुपयांच्या स्प्रिंगमधला दोष कारखान्यात सापडला, तर ती स्प्रिंग बदलता येते. तोच दोष सीमेवर उघड झाला, तर त्याची किंमत जवान मोजतो.