जाते न्या, पण एका अटीवर

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरत फिरत आला. तुम्हालाही आला असेल. पूर्वी घरोघरी जाते होते, पाटा-वरवंटा होता, उखळ-मुसळ होते, म्हणून बायका ठणठणीत होत्या. मिक्सर आला, घरघंटी आली, वॉशिंग मशीन आले आणि बायकांच्या मागे गुडघेदुखी, साखर आणि जिमची फी लागली. असा एकूण मजकूर, आणि शेवटी हात जोडलेले चित्र. तासाभरात त्याखाली चौदा अंगठे उमटले. मास्तरकीची सवय, म्हणून मी नावे तपासली. चौदाच्या चौदा पुरुषांचे!

दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाचा फोन. "दादा, गावच्या पडवीतलं जातं अजून आहे ना? पोराच्या हळदीला पाहिजे. फुलांनी सजवायचं, पाच सवाष्णी हळद दळतील, व्हिडिओवाला येणार आहे." मी म्हणालो, विचार करून सांगतो. हा लेख म्हणजेच तो विचार आहे.

लग्नात जात्याला मान असतो. तो असावा, त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध त्या संदेशाला आहे, आणि त्याहून जास्त त्या चौदा अंगठ्यांना.

आमचे घर वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी. (तालुक्याला आता राजगड म्हणायचे, पण माझ्या तोंडात वेल्हेच येते.) आमचा मुलूख भाताचा आणि नाचणीचा. भात खायचा तर तो आधी घिरटावर भरडायचा, मग उखळात घालून मुसळाने सडायचा, मग पाखडायचा. भाकरी खायची तर नाचणी जात्यावर दळायची. हे सगळे आई दिवस उजाडायच्या आत करायची, कारण उजाडल्यावर पाणी, चूल, गुरे आणि शेत वाट पाहत असायचे. पावसाळ्यात दिवसभर वाकून लावणी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जाते. खुंटा धरून धरून तिच्या उजव्या तळव्याला असे घट्टे पडले होते की शाळेत निघताना ती डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा माझे केस त्यात अडकायचे.

आम्ही भावंडे मात्र गोधडीत असायचो. जात्याची घरघर आणि आईचा आवाज कानावर यायचा, आणि आम्ही कूस बदलून पुन्हा झोपायचो. वडीलही झोपायचे. आज जात्याबद्दल जे गहिवरून लिहितात त्यांची आठवण अशी गोधडीतली आहे. ती ऐकणाऱ्याची आठवण आहे, दळणाऱ्याची नाही. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय या विषयावर कोणी बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, मग त्या ओव्यांचे काय? ओव्या थोरच आहेत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह मुळशी, मावळ, वेल्हे अशा डोंगरी भागांत आणि पुढे महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर येत आहेत. जरूर ऐका. पण ऐकताना त्या बाया काय सांगतात तेही ऐका. सासर, माहेरची ओढ, भावाची वाट, सीतेचा वनवास. घरात ज्याला कान नव्हता ते त्या दगडाला सांगत होत्या. ओवी हा दळणाचा दागिना नव्हता, ते दुखण्यावरचे औषध होते. औषध जपून ठेवावे, पण त्यासाठी दुखणे परत मागू नये.

मी सातवीत असताना आमच्याकडे डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी आली. फकफक आवाज करायची. एका हंगामात घरोघरची जाती कोपऱ्यात गेली. एकाही बाईने शोकसभा घेतली नाही. डोक्यावर दळण घेऊन लांबून चालत यायच्या, पण यायच्या. जाते सोडायचे की नाही याचा निकाल ज्यांचा त्यावर हक्क होता त्यांनी तेव्हाच दिला. आता साठ वर्षांनी आपण अपील करणारे कोण?

दुसऱ्यांना बोललो, आता स्वतःकडे वळतो. छत्तीस वर्षे मास्तरकी केली. निबंधाला माझा आवडता विषय होता 'जात्याचे आत्मवृत्त'. जाते अडगळीत रडते आहे, गिरणीला दूषणे देते आहे, असा शेवट केला की मी खूश, दहापैकी आठ गुण. एका वर्षी डोंगरातल्या वाडीवरून येणाऱ्या एका मुलीने लिहिले, "जाते म्हणाले, मी लई दमलोय, मला आता झोपू दे. तुझ्या आईलापण झोपू दे." मी लाल शाईने 'विषयाला सोडून' असा शेरा मारला आणि चार गुण दिले. ती एकटीच विषयाला धरून होती, हे कळायला मला फार वर्षे लागली.

आता घरचे. आमचे लग्न १९७६ सालचे. त्याआधी मी सायकल आणि ट्रान्झिस्टर घेतला होता. १९८३ मध्ये स्कूटर घेतली. १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झाले तसा टीव्ही आला. मिक्सर आला १९९१ मध्ये! मधली पंधरा वर्षे हिने रोजचे वाटण पाट्यावर वाटले. "अहो, जमलं तर यंदा मिक्सरचं बघा ना," असे ती दर दिवाळीला म्हणायची. मी म्हणायचो, पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही. पैसे नव्हते असे म्हणण्याची सोय नाही, कारण स्कूटरला होते.

पुढे एक हकिकत वाचली आणि खजील झालो. सत्यप्रकाश माथुर नावाच्या अभियंत्याच्या घरचा परदेशी मिक्सर बिघडला. इथे दुरुस्त होईना. तेव्हा बायकोच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या वाटणाला टिकेल असा मिक्सरच बनवायला घेतला आणि १९६३ मध्ये त्याची कंपनी काढली. तोच 'सुमीत'. एकाने बायकोसाठी मिक्सर बनवला, आणि मला साधा विकत आणवेना!

तुम्हीही अशी यादी करून पाहा. तुमच्या घरात कोणती वस्तू कोणत्या साली आली, आणि त्या वस्तूने कोणाचे पाय किंवा कोणाचे हात वाचवले. बहुतेक घरांत पायांची सोय आधी झालेली दिसेल.

आता आक्षेपांकडे.

पहिला, चवीचा. तो मला मान्य आहे. पाट्यावर वाटण चिरडले जाते, मिक्सरचे पाते ते कापते, म्हणून चव बदलते. पण चव हवी असेल तर पाटा अजून मिळतो. ज्याला चव हवी त्याने वाटावे. मी दोनदा वाटून पाहिले. तिसऱ्या वेळी मला मिक्सरची चटणी आवडू लागली.

दुसरा, आरोग्याचा. आमची आई पंचेचाळिशीत कंबर धरून चालायची. तिला काही झाले नव्हते असे म्हणतात, कारण तिला डॉक्टरकडे कोणी नेलेच नव्हते. दुखणे कागदावर आले नाही म्हणजे ते नव्हते, हा कुठला न्याय?

तिसरा आक्षेप सगळ्यांत लाडका. वाचलेल्या वेळात बायका करतात काय, तर मोबाईल पाहतात! मी स्कूटर घेतली तेव्हा शाळेत जाण्यायेण्याचा रोजचा तासभर वाचला. त्या तासात मी काय करतो असे मला कोणी विचारले नाही. मी भोरच्या चौकात चहा पीत गप्पा मारायचो. वाचलेला वेळ हा ज्याचा त्याचा असतो. त्याचा हिशेब फक्त बाईनेच का द्यायचा?

आणि वेळ वाचतो तरी किती? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, की माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात. ज्या बायका घरकाम करतात त्यांची २०१९ ची सरासरी दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७. २०२४ मध्ये बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषाने आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली. शिवाय पुरुषांची ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची. घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सत्तावीसच निघाले. बायका एक्याऐंशी.

यंत्र काम हलके करते, पण ते कोणी करायचे हे बदलत नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकेतल्या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये यावर एक पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे, यंत्रे आली तशा अपेक्षाही वाढल्या आणि घरच्या बाईचे काम सरले नाही. मला हे पुस्तकाआधी घरात कळले. निवृत्तीनंतर आम्ही वॉशिंग मशीन घेतले, आणि दोन दिवस घालायचा सदरा मी रोज बदलू लागलो. पुढे हिचा उजवा खांदा धरला आणि तीन महिने घर माझ्याकडे आले. तेव्हा समजले की मशीन फक्त धुते. गोळा करणे, वाळत घालणे, पाऊस आला की धावणे, घड्या घालणे माणसालाच करावे लागते. खांदा का धरला हे डॉक्टरांनी सांगितले नाही. मी विचारलेही नाही. पंधरा वर्षांचा पाटा माझ्या डोळ्यांपुढे होता.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मशीनला नळ लागतो. आमच्या दोन तालुक्यांत भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत अशी धरणे आहेत. भाटघरचे पाणी ब्रिटिश काळापासून खाली बारामती-फलटणकडे जाते. घरोघरी नळ देण्याची केंद्राची योजना २०१९ मध्ये जाहीर झाली. तरीही वरच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन उतरतात, टँकरची वाट पाहतात. त्या बाईला हंडा वाहून कमावलेल्या आरोग्याचा संदेश पाठवून दाखवा.

असो. आता भावाला उत्तर देतो. ग्रुपवर हा लेख टाकणार आहेच.

बाळ, जाते जरूर न्या. पडवीत पालथ्या घमेल्याखाली आहे. पण आधी त्याला टाकी लावून घ्या. वर्षानुवर्षे पडून आहे, नुसतेच फिरेल, दळणार नाही. आणि अट एकच. हळदीच्या दिवशी पहाटे चार वाजता नवरदेवाने आणि अंगठा देणाऱ्या चौदाही जणांनी पाळीपाळीने बसून पायलीभर नाचणी दळायची. व्हिडिओवाल्याला चारलाच बोलवा. पीठ बारीक हवे, आमच्या आईचे असायचे तसे. त्या दिवशीच्या भाकऱ्या तुम्हीच थापा, आम्ही म्हातारे पंगतीला बसू.

बायका तोवर झोपतील. त्यांना उठवायचे नाही.