तान्ह्यांची हृदयशस्त्रक्रिया आणि वजनाची अट

जन्मतः हृदयात गंभीर दोष असलेल्या अर्भकाच्या आईबापांना ‘वजन जरा वाढू द्या, मग शस्त्रक्रियेचे पाहू’ असा जो सल्ला अद्यापही सर्रास मिळतो, तो वरकरणी कितीही समंजस वाटला तरी अनेक दोषांच्या बाबतीत घातक आहे, म्हणून त्याविरुद्ध स्पष्टपणे लिहिणे मला अगत्याचे वाटते.

महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते, ते व्यंग पाहावे. त्यात हृदयाचा डावा कप्पा शरीराऐवजी फुप्फुसांकडे रक्त ढकलतो. जन्मानंतर फुप्फुसांतील वाहिन्यांचा विरोध उतरत गेला की त्या कप्प्याला जोर करण्याचे प्रयोजनच उरत नाही, आणि त्याचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात. १९७५ साली ब्राझीलमध्ये अदिब जातेने यांनी प्रथम यशस्वी केलेली, दोन्ही धमन्या योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत झाली तर तो कप्पा साऱ्या शरीराचा भार पेलतो. त्यानंतर ती शाश्वती दिवसेंदिवस घटत जाते. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी आणि बाळंतिणीचे घराबाहेर पडणे सव्वा महिन्याने. या बाळाच्या शस्त्रक्रियेची मुदत त्या सव्वा महिन्याच्या आतच सरत असते.

कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असलेल्या बाळाची स्थिती तर अधिकच करुण. फुप्फुसांत जादा रक्त जोराने शिरत असल्यामुळे ते दूध ओढताना धापा टाकते, कपाळावर घाम येतो, अर्धपोटीच थकून झोपते. अर्थात वजन वाढत नाही, आणि मग वजन नाही म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. रोगानेच निर्माण केलेली अडचण उपचाराची पूर्वअट व्हावी, हा कोणता न्याय? दरम्यान फुप्फुसांतील वाहिन्या जाड व कठीण होत जातात, आणि एकदा तो बदल कायमचा झाला म्हणजे छिद्र बुजवणेच जिवावर बेतते.

प्रत्येक बाळाची शस्त्रक्रिया तातडीने व्हावी, असा माझा आग्रह मुळीच नाही. लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप मिटतात, आणि अकाली जन्मलेल्या बाळाला शस्त्रक्रियेचा धोका खरोखरच अधिक असतो. परंतु थांबायचे ते हृदयाची सोनोग्राफी होऊन, बालहृदयरोगतज्ज्ञाने कारण लेखी नोंदवल्यावर थांबावे.

अडचण अशी, की अनेक गंभीर दोष पहिले काही दिवस झाकलेले राहतात. गर्भावस्थेत उघडी असलेली धमन्यांमधील वाहिनी जन्मानंतर मिटत जाते, आणि इस्पितळातून निरोगी म्हणून घरी पाठवलेले बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी निळे पडते. घरचे म्हणतात, रडून पडले असेल. त्यावर उपाय साधा आहे. चोवीस तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून प्राणवायूचे प्रमाण मोजावे. ते ९५ टक्क्यांहून कमी किंवा दोन्हींत तीन टक्क्यांहून अधिक तफावत वारंवार आढळल्यास पुढील तपासणी करावी. यातून प्रत्येक दोष सापडतो असे नाही, पण वाहिनीवर विसंबून असलेले पुष्कळसे सापडतात, आणि प्रोस्टाग्लँडिन देऊन ती वाहिनी उघडी ठेवली की बाळाला मोठ्या इस्पितळापर्यंत पोहोचवण्यास अवधी मिळतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये झाला. त्याखाली मुलांना तपासण्यासाठी अंगणवाडीत जाणाऱ्या पथकाला दोन वर्षांच्या मुलाच्या हृदयातील दोष ओळखता येईल. बारशाच्या आत ज्याचे भवितव्य ठरायचे, ते बाळ त्या पथकाची वाट पाहू शकत नाही. म्हणून आरोग्य खात्याला माझी विनंती आहे, की प्राणवायूची ही नोंद केल्यावाचून कोणत्याही प्रसूतिगृहाने बाळाला घरी सोडू नये, तसा दाखला आईच्या हाती द्यावा, आणि महिन्याच्या आतील हृदयरोगी बाळाच्या बाबतीत उपचार आधी व कागदपत्रांची पूर्तता मागाहून, असा लेखी हुकूम जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांना विनाविलंब धाडावा.

आपला,
एक वाचक