जास्त अँटेना म्हणजे जास्त धोका का?

घराजवळ मोबाईलची अँटेना नको, ही ओरड इस्राएलमध्ये जुनीच. 2020 मध्ये इथे 5जीचा लिलाव झाला. आता एकाच पेटीत 64 अँटेनासुद्धा असतात, मग लोक जास्तच घाबरतात. पण त्या सगळ्या मिळून लहरी चोहीकडे न उधळता आपल्या फोनच्या दिशेने वळवतात. एकाच वेळी अनेक अँटेना वापरण्याच्या तंत्राचं एक पायाभूत अमेरिकन पेटंट 1994 चं, पॉलराज आणि पुण्यात जन्मलेले कैलाथ यांच्या शोधाचं.

मी नर्स, एक्स-रेच्या वेळी शिशाचा एप्रन बांधायचे. या लहरींत एक्स-रेसारखी रेणू तोडायची ताकद नाही. उलट सिग्नल कमजोर असला की कानाजवळचा फोनच जोर वाढवतो. आणि सिग्नल नसलाच, तर रात्री आजोबांच्या छातीत दुखलं तरी 101 लागत नाही.

2006 च्या कायद्याप्रमाणे अँटेनाला पर्यावरण मंत्रालयाची परवानगी लागते. तेव्हा नुसतं "नको" म्हणण्यापेक्षा इमारतीच्या कमिटीने परवाना आणि मोजणीचे आकडे मागावेत.