चित्र कोणाचे?

गेल्या वर्षी होळीच्या सुट्टीनंतर माझा एक जुना विद्यार्थी मला भेटायला शाळेत आला. दहावीपर्यंत तो आमच्याच शाळेत होता. आता नागपूरच्या एका महाविद्यालयात शिकतो. सुट्टीला जोडून आणखी दोन दिवस काढून तो आणि त्याचे तीन मित्र अजिंठा-वेरूळ पाहून आले होते. रात्रीच्या गाडीने जळगाव, तेथून एस.टी.ने अजिंठा आणि पुढे छत्रपती संभाजीनगर व वेरूळ असा त्यांचा प्रवास झाला. खर्चासाठी त्याने लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. मला त्याचे फार कौतुक वाटले.

सलाम करून तो बसला आणि लगेच त्याने खिशातून मोबाइल काढला. "सर, पाहा, चारशे फोटो काढले!" मी वीस-पंचवीस फोटो पाहिले. प्रत्येकात तो किंवा त्याचा एखादा मित्र पुढे उभा होता आणि लेणे मागे कोठेतरी होते. मी विचारले, "पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र पाहिलेस ना? त्याच्या हातात काय आहे?" तो गोंधळला आणि मोबाइलमध्ये शोधू लागला. मी म्हणालो, "मोबाइलला नको, डोळ्यांना विचार."

तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "खरे सांगू का सर? त्या लेण्यात आम्ही पाच मिनिटेही थांबलो नाही. अंधार होता, काही नीट दिसेना. आणि शेवटी ती काही आपली कला नाही. बीबी का मकबरा येथे मात्र आम्ही तासभर बसलो."

विद्यार्थी मित्रांनो, त्याच्या या उत्तरात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे 'नीट दिसेना' आणि दुसरी म्हणजे 'ती आपली नाही'. या दोन्ही गोष्टींवर मी पुष्कळ दिवस विचार केला. मला जे वाटले, ते तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम पाहण्याविषयी. बाहेरच्या कडक उन्हातून लेण्यात पाऊल टाकले की पहिली काही मिनिटे डोळ्यांपुढे काळोखच असतो. मग हळूहळू डोळे सरावतात. आधी एखादा चेहरा दिसतो, मग मुकुट, मग बोटांची नाजूक ठेवण. पद्मपाणीच्या उजव्या हातातील निळे कमळ दिसते. 'पद्म' म्हणजे कमळ आणि 'पाणि' म्हणजे हात. त्याच्या नावातच माझ्या प्रश्नाचे उत्तर होते! जो पाच मिनिटांत बाहेर पडतो, तो नेमका दिसू लागण्याच्या वेळी बाहेर पडतो. गर्दीच्या दिवशी फार वेळ थांबता येत नाही, हे खरे. पण जेवढा वेळ मिळतो, तेवढा तरी आपण चित्राला द्यावा.

ही चित्रे कशी तयार झाली, हे आधी वाचून गेले तर आणखी गोडी वाटते. कातळाच्या खडबडीत भिंतीवर माती, भुसा आणि गवताचे तंतू मिसळून गिलावा केला जाई. त्यावर चुन्याचा पातळ हात देत. मग चित्रकार रेषा काढून त्यांत रंग भरत. तांबडा, पिवळा, हिरवा हे रंग माती व दगडांपासून बनवलेले, तर काळा काजळीचा. निळा रंग मात्र दूरच्या अफगाणिस्तानात सापडणाऱ्या एका दगडापासून केलेला. त्या दगडाला उर्दूत आपण 'लाजवर्द' म्हणतो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर डोंगर-नद्या ओलांडून आलेला हा रंग अजिंठ्याच्या भिंतीवर आजही टिकून आहे. त्याच लेण्याच्या छतावर इराणी पेहरावातील माणसेही रंगवलेली आहेत. ज्या चित्रकाराने ती काढली, त्याला जगाची किती ओळख होती, याचा विचार करा.

आता दुसरी गोष्ट. ही कला कोणाची?

अजिंठ्याची लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीची आहेत आणि पद्मपाणीसारखी प्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातील, वाकाटक राजांच्या काळातील आहेत. नंतर तेथील वस्ती उठली. वाघोरा नदीच्या काठची ती दरी झाडाझुडपांनी झाकून गेली. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी शिकारीला गेला असता त्याच्या नजरेस ही लेणी पडली. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल याने तेथे मुक्काम करून चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती काढल्या. पण १८६६ मध्ये लंडनमधील आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या.

त्या काळी अजिंठा हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९१४ मध्ये संस्थानाने पुरातत्त्व खाते सुरू केले आणि गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक झाले. ते अरबी-फारसीचे मोठे विद्वान होते. शिलालेख वाचणे हा त्यांचा खास विषय होता. चित्रांचे पापुद्रे भिंतीपासून सुटू लागले होते, म्हणून संस्थानाने १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी वापरलेले रोगण पुढे पिवळे पडले. परंतु सुटणारे पापुद्रे त्या वेळी भिंतीला धरून राहिले. याझदानींनी अजिंठ्याच्या चित्रांवर चार भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग १९३० मध्ये आणि शेवटचा १९५५ मध्ये निघाला. म्हणजे एकाच कामाला या माणसाने पंचवीस वर्षांहून अधिक काळ दिला! १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

त्यांच्याही आधी, १९१० च्या सुमारास, लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्याचे काम हाती घेतले होते. तिला मदत करायला कलकत्त्याहून नंदलाल बोस आले आणि हैदराबादहून सय्यद अहमद व फजलुद्दीन हे चित्रकार आले. कंदिलाच्या उजेडात, वटवाघळांच्या वासात, एकाच भिंतीपुढे बसून हे सर्व जण काम करत. त्यांतील कोणी 'ही माझी कला नाही' असे म्हणून उठून गेला असता, तर नुकसान कोणाचे झाले असते?

कोणी म्हणेल, "सर, आपल्या धर्मात मूर्ती नाही. मग आपण त्या का पाहाव्यात?" हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. पाहणे म्हणजे पूजणे नव्हे. याझदानींनी लेण्यांची सेवा केली, पण आपला धर्म सोडला नाही. त्यांनी एवढेच ओळखले की, माणसाच्या हाताने केलेले सुंदर काम नष्ट होत असेल, तर ते वाचवणे हे माणसाचे काम आहे.

आणि ज्या मकबऱ्यात माझा विद्यार्थी तासभर बसला, त्याची हकिकत तरी काय आहे? दिलरास बानू बेगम यांची ही कबर सतराव्या शतकात बांधली गेली. तिच्या मुख्य दरवाजावरील लेखात दोन नावे आढळतात. एक शिल्पकार अताउल्लाह यांचे आणि दुसरे बांधकाम पाहणारे हंसपतराय यांचे. मकबरा फक्त 'आपला' म्हणावा, तर हंसपतराय यांचे नाव कोठे ठेवायचे? वेरूळला तर एकाच डोंगरात बौद्ध, हिंदू आणि जैन अशी चौतीस लेणी शेजारी शेजारी उभी आहेत. नंतर आलेल्यांनी आधीची लेणी फोडली नाहीत. ते पुढच्या कातळाकडे वळले.

अजिंठा आपल्यापासून दूर आहे, असेही समजू नका. ज्या वाकाटकांच्या काळात ही चित्रे रंगली, त्यांच्या एका शाखेची राजधानी नंदिवर्धन ही होती. ते नंदिवर्धन म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील, रामटेकजवळचे नगरधन. सावनेरहून सकाळी निघालेला माणूस ते पाहून संध्याकाळी घरी परत येऊ शकतो. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तेथील मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून आहे. आपल्यापैकी किती जणांनी तेथे एका मूर्तीपुढे किंवा एका शिलालेखापुढे पाच मिनिटे घालवली आहेत?

काही जण जुन्या वास्तूंच्या भिंतींवर खिळ्याने आपले नाव कोरतात. त्यांना वाटते, असे केल्याने ती जागा आपली होते. माझ्या मते, त्याच क्षणी ती त्यांची राहत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांपैकी एकाचेही नाव आज आपल्याला ठाऊक नाही. ज्यांनी एवढे निर्माण केले, त्यांनी नाव लिहिले नाही. मग ज्यांनी काहीच केले नाही, त्यांनी ते का लिहावे?

फोटो काढू नयेत, असे माझे म्हणणे नाही. जेथे परवानगी आहे, तेथे जरूर काढावेत. पण आधी पाहावे, मग काढावेत. सहलीहून आल्यावर किती ठिकाणे पाहिली, हे सांगण्यापेक्षा एक गोष्ट नीट पाहिली, हे सांगता आले पाहिजे. घर किंवा शेत वारसाहक्काने मिळते. कला तशी मिळत नाही. जो तिच्यापुढे थांबतो, तिला समजून घेतो आणि तिला जपतो, त्याची ती होते. तिला त्याचे नाव-गाव लागत नाही.

महिन्याभराने तो विद्यार्थी पुन्हा आला. या वेळी मोबाइल खिशातच होता आणि हातात वही होती. रविवारी तो एकटाच अजब बंगल्यात गेला होता. वहीच्या पानावर त्याने पेन्सिलीने दगडातील एक हात काढला होता. हात वाकडा होता, बोटे जाड झाली होती. तो म्हणाला, "सर, अर्धा तास लागला. बोटे अशी वळलेली असतात, हे मला ठाऊकच नव्हते."

मी त्याला विचारले, "मग हा हात कोणाचा?"

तो काहीच बोलला नाही. त्याने वही मिटली आणि जपून छातीशी धरली.